नऊ नंबरच्या खाटेवरचे बूट

त्सागान सारची सुट्टी संपली की पोरं परत येतात,
कुणी कोळशाच्या ट्रकमधून,
कुणी मोटरसायकलवर आईबापांच्या मधोमध
पोत्यासारखं बांधलेलं.
बाहेर उणे एकतीस.
वसतिगृहाच्या दारात मी, दुलमा,
हातात यादी: अडतीस नावं, अडतीस उश्या,
आणि प्रांताच्या कचेरीतून आलेला एक फॉर्म.

आल्या दिवशी सगळे कपडे धुवायला टाकायचे, असा नियम.
मी धुते. पण प्रत्येकाच्या कानात सांगते,
एक वस्तू लपव. मफलर, टोपी, काहीही.
मलासुद्धा दाखवू नकोस.
तिला शेणीच्या धुराचा वास असतो,
मटणाच्या रश्श्याचा, आईच्या अंगाचा.
दिवे मालवले की खोलीभर नाकं ओढल्याचे आवाज.
परक्याला वाटेल, सर्दीची साथ आलीय.

नऊ नंबरवर ओचिर. वय सात.
दोन वाट्या सूप पितो, गृहपाठ करतो,
विचारलं तर "बरंय" म्हणतो
आणि बूट घालून झोपतो.
नमद्याचे, गुडघ्यापर्यंतचे.
पहिल्या रात्री काढायला गेले
तर झोपेतच त्यानं पाय पोटाशी घेतले.
मी हात मागे घेतला.
बुटांखाली टॉवेल सरकवला.

फॉर्मवर लिहिलंय: विद्यार्थ्याची मानसिक स्थिती.
तीन चौकोन. उत्तम. समाधानकारक. चिंताजनक.
'करमत नाही' असा चौकोनच नाही.

मीही याच खोलीत होते, सहा नंबरला.
तेव्हाच्या बाई आमचे बूट कपाटात घालून
कुलूप लावायच्या. पोरं पळून जातील म्हणून.
तीस किलोमीटर बर्फातून कोण पळणार होतं?
(एकदा मी. विहिरीपर्यंत.)

चौथ्या रात्री, तीन वाजता,
भट्टीत कोळसा घालायला उठले तर हा टक्क जागा.
काय झालं, असं नाही विचारलं.
म्हटलं, बटाटे सोलायचेत, येतोस?

आला. बुटांसकट.
साल न तुटू देता सोलत होता, जीभ बाहेर काढून.
सहाव्या की सातव्या बटाट्याला म्हणाला,
"आमची एक मेंढी व्यायला झालीय. पहिलटकरीण.
ती पिल्लाला जवळ घेणार नाही.
तिच्या आईनंही तिला घेतलं नव्हतं."
"मग?"
"मग आई तिच्या कानाशी गाते. तोइग, तोइग, तोइग.
मी पिल्लू धरतो."
साल तुटली.
"आता कोण धरेल?"

धरेल की कुणीतरी, असं म्हणता आलं असतं मला.
ओठावर आलेलं गिळलं.
"किती वेळ लागतो रे, मेंढीला पटायला?"
"कधी तासभर. कधी तीन दिवस.
एकदा तर पटलंच नाही.
ते पिल्लू मग आम्ही घरात ठेवलं, चुलीपाशी."
त्यानं पुढचा बटाटा घेतला.

रविवारी दुपारी त्याची आई टेकडीवर चढते,
तिथेच फोनला रेंज येते.
आधी नुसता वारा ऐकू आला.
मग: झालं रे! पांढरं आहे.
तुझा भाऊ धरतो, पण त्याला जमत नाही.
"त्याला सांग," ओचिर ओरडला,
अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा,
"मान खाली! पिल्लाची मान खाली धरायची!"
आठ दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला त्यानं.
गणिताच्या बाई दारातून डोकावल्या.
मी त्यांना हातानंच जा म्हटलं.

बाराव्या रात्री खाटेखाली बूट.
शेजारी शेजारी, टोकं दाराकडे.
फिरवून ठेवावेत असं आलं मनात.
नाही फिरवले.

कचेरीतून फोन येतो, नऊ नंबरचा रकाना कोरा का?
फॉर्म स्वयंपाकघरातल्या खणात आहे,
सोलायच्या सुरीखाली.
सांगते, अजून बघतेय.